सोलरचं तोंड डिसेंबरकडे

प्रश्न : गच्चीवर 200 लिटरचा नळ्यांचा सोलर बसवायचा आहे. बसवणारा म्हणतो, तोंड बरोब्बर दक्षिणेलाच हवं. पण आमचं घर दक्षिणेपासून वीसेक अंश पश्चिमेला वळलेलं असल्याने स्टँड कठड्याशी वाकडा दिसेल. वडिलांची शंका वेगळीच : उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो, मग नळ्या दक्षिणेकडे इतक्या उतरत्या कशाला? कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी वडिलांची शंका घेऊ. सातारा आहे सुमारे 17.7 उत्तर अक्षांशावर. तिथे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य खरोखरच माथ्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच विरते. पण मे महिन्यात कढत पाणी हवं कोणाला? पाण्याची खरी गरज हुडहुडी भरते तेव्हा, आणि 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य भर दुपारीसुद्धा दक्षिण क्षितिजापासून जेमतेम 49 अंश वर चढतो. त्या उतरत्या उन्हाला सामोरं जायचं, म्हणून अक्षांशात दहा-पंधरा अंश मिळवून उतार धरतात. साताऱ्याला तो साधारण 30 अंश येतो.

उताराला दुसरंही कारण आहे. या सोलरला पंप नसतो. नळीत तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं आणि टाकीतलं गार पाणी त्याच नळीतून खाली उतरतं. नळ्या आडव्या टाकल्या, तर हा फेराच थंडावेल.

आता वाकड्या स्टँडचं. चपट्या पॅनेलपेक्षा नळीचा स्वभाव वेगळा. काचेत काच अशा दोन नळ्या, मधली हवा काढून घेतलेली, आणि आतल्या नळीवर चहूबाजूंनी ऊन शोषणारा लेप. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकला तरी गोल नळीचा कुठला तरी भाग त्याच्या समोर असतोच. त्यामुळे वीस अंशांनी पाण्यात जाणवण्याजोगा फरक पडणार नाही. उलट पश्चिमेकडे थोडा कल असला, तर दुपारचं ऊन जास्त वेळ मिळतं. सकाळच्या अंघोळीला आपण वापरतो ते आदल्या दिवशी तापलेलं पाणी. ते जितकं उशिरा तापेल, तितका रात्री निवायला वेळ कमी. तेव्हा स्टँड खुशाल कठड्याला समांतर ठेवा.

हट्ट धरायचा तो सावलीबाबत. डिसेंबरात सकाळी नऊला तुमच्याकडे सूर्य 24 अंशांच्या आसपास असतो. तेव्हा 3 फुटी कठड्याची सावली तिरपी पडते, जवळपास 7 फूट लांब. कठडा बरोब्बर दक्षिणेला धरला, तर त्याच्यापासून ती आत येते सुमारे 4 फूट. दुपारी तीच अडीच फुटांवर आखडते. नळ्यांची खालची टोकं कठड्यालगत आणली, तर सकाळचं ऊन कठडाच खाईल. चार-साडेचार फूट मोकळे सोडा, नाहीतर स्टँड उंच करा. ही मोकळी जागा पुढेही उपयोगी पडते. नळी बदलायला तिथूनच हात घालावा लागतो. शिवाय नळीच्या खालच्या टोकाशी चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला, तर आतली निर्वात पोकळी गेली असं समजायचं. डाग दिसायला तर हवा!

गार पाण्याच्या टाकीचं मात्र लोक हमखास चुकतात. पाणी आपोआप उतरावं म्हणून तिचं बूड सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवं. उंच वस्तूची सावली लांब, म्हणून टाकी सोलरच्या उत्तरेला घ्या. पूर्वेला ठेवलीत, तर सकाळभर तिची सावली नळ्यांवर.

जागा बाथरूमच्या जवळची बघा. पाऊण इंची पाइप 20 मीटर लांब गेला, तर गरम पाणी येईपर्यंत रोज पाच-सहा लिटर गार पाणी मोरीत जातं. वजनही लक्षात घ्या. टाकीत 200 लिटर आणि मोठ्या 20 नळ्यांत आणखी पन्नासेक लिटर, म्हणजे पाण्याचाच भार अडीचशे किलो. स्टँडचे पाय तुळईवर किंवा भिंतीच्या रेषेत येऊ द्या आणि वळिवाच्या वाऱ्याला टिकतील असे बोल्टने आवळून घ्या. पहिल्यांदा पाणी भरायचं ते पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. भर उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी सोडलं, तर काच तडकते.

घाई नसेल तर एक करा. नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत कुठल्याही स्वच्छ दिवशी खडू घेऊन गच्चीवर जा. सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता सावल्यांच्या कडा आखा. तिन्ही वेळा जो तुकडा उन्हात राहील, तिथे सोलर बसवा. त्यात वडिलांना बरोबर घ्या. त्यांच्या शंकेचं उत्तर फरशीवरच आखलेलं असेल.