काळ्या सालीची केळी

केळे हे सर्वांच्या ओळखीचे फळ आहे. पण साल काळी पडली की तेच केळे कुणी हातात धरत नाही. निलंग्याच्या बाजारात संध्याकाळी गाडेवाले काका अशी केळी स्वस्तात देतात, नाहीतर शेळीपुढे टाकतात. आमच्या घरी डझनभर आणली तर शेवटची दोन काळी होतातच. पैसे देऊन आणलेले फळ उकिरड्यावर का टाकावे? म्हणून मित्रांनो, हा पाठ.

प्रथम आत काय होते ते पाहू. हिरव्या केळ्यात पिष्ट असते. १०० ग्रॅम गरात साधारण २० ग्रॅम. बटाट्यात आणि भाकरीत असते तेच हे. केळे पिकताना त्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि पिष्टाची साखर होत जाते. पूर्ण पिकल्यावर पिष्ट एक-दोन ग्रॅमच उरते. गुरुजींनी वर्गात प्रयोग केला. हिरव्या केळ्याच्या फोडीवर आयोडिनचा थेंब टाकला, तर फोड निळी-काळी झाली. काळ्या सालीच्या केळ्यावर टाकला, तर नुसता तपकिरी डाग. पोरं ओरडली, "गुरुजी, जादू!" जादू कसली, पिष्टच उरले नव्हते. (आयोडिन लावलेली फोड खायची नसते. एकजण खायला निघाला होता.)

साल काळी झाली म्हणजे केळे सडले असे नाही. चिरलेले वांगे हवेने काळे पडते, तसेच हे. मात्र बुरशी दिसली, आंबूस वास आला किंवा पाणी गळू लागले, तर ते टाकूनच द्यावे.

आता गुलगुले. आपल्याकडे गुलगुले गव्हाच्या पिठाचे आणि गुळाचे करतात. आई त्यात काळी केळी घालते. दोन केळी हाताने कुस्करायची. दीड वाटी पीठ, थोडा गूळ, बडीशेप, चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. केळे गोड असते म्हणून गूळ रोजच्यापेक्षा निम्माच लागतो. गूळ पण महाग झालाय, असे आई म्हणते. सोडा तापला की त्यातून वायू निघतो आणि गुलगुला फुगतो. जाळ बारीक ठेवावा, कारण साखरेमुळे वरून लवकर लाल होते आणि आत कच्चे राहते. तळायचे काम मोठ्या माणसांनीच करावे.

खरी गंमत खाताना होते. आबा एका बैठकीत सात-आठ खातात. धाकटी बहीण नुसती कुरकुरीत कड खाते आणि आतले मला देते. आजी हातच लावत नाही. म्हणते, "लेकरा, ऊन केळं माझ्या घशाखाली उतरत नाही बघ." पण सत्यनारायणाचा शिरा आजी मागून घेते! त्यात पण केळे शिजलेलेच असते. मी विचारले, तर म्हणाली, "परसादाला नाही म्हणू नये." मला वाटते कारण दुसरे आहे. शिऱ्यात तूप आणि वेलची असते, म्हणून केळ्याचा वास दबतो. रव्यात केळे विरघळून जाते, दाताखाली मऊ गोळा येत नाही.

वर्गात हात वर करायला सांगितले, तेव्हा निम्मी मुले आजीच्या बाजूची निघाली. बुळबुळीत लागते म्हणाली. मग गुरुजींनी विचारले, "शिजवलेला टमाटा कोण खातो?" सगळ्यांचे हात वर. टमाटा हे पण फळच आहे. वांगे, भेंडी, भोपळा, ही पण फळेच. यावर कुणालाच काही बोलता येईना.

दुसरीकडचे लोक पिकलेली केळी कशी कशी खातात ते गुरुजींनी सांगितले. वसईकडे आगाशीला राजेळी जातीची केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात. कर्नाटकात मंगळूरला पिकलेले केळे मैद्यात मळून फुगलेल्या पुऱ्या तळतात, त्यांना बन्स म्हणतात. केरळात केळ्याची भजी करतात, ती पण गोड. अमेरिकेत १९३० नंतरच्या दहा वर्षांत केळ्याचा पाव घरोघर होऊ लागला. तो भट्टीत भाजतात. आपल्या मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यात अर्धापूरकडे केळीच्या मोठ्या बागा आहेत, तरी गरम केळे म्हटले की आपल्याकडे बरेच जण नाक मुरडतात.

ज्यांच्या घरी आमच्या आजीसारखे कुणी असेल, त्यांनी पीठ एकदाच भिजवावे, पण आधी बिनकेळ्याचे गुलगुले तळून घ्यावेत. उरलेल्या पिठात मग केळे कालवावे. उलटे केले तर तेलाला वास लागतो आणि आजीला चुलीपासून लांब बसूनसुद्धा कळते.