गिअरबॉक्स उतरवण्याआधी

ऑटोमॅटिक गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर ‘पी ०७००’ उमटलं आणि कुणी ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणालं, तर लगेच होकार देऊ नका, असं मी कळकळीने सांगेन. कुठला भाग बिघडला हे तो कोड सांगतच नाही. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटला काही गैर आढळलं आणि त्याने इंजिनच्या युनिटला दिवा लावायला सांगितलं, एवढाच त्याचा अर्थ. खरी तक्रार गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये वेगळ्या कोडने नोंदलेली असते आणि साधा, स्वस्त स्कॅनर बरेचदा तिथवर पोहोचत नाही. तो दुसरा कोड हाती आल्याशिवाय खर्चाचं बोलणंच नको. तो ‘पी ०७१५’ असेल तर आधी इनपुट शाफ्टचा वेग मोजणारा सेन्सर आणि त्याची वायर बघावी. ‘पी ०२१८’ म्हणजे गिअरबॉक्स अतिशय तापला. सोबत ‘पी ०५६२’ दिसला तर पहिल्यांदा बॅटरी आणि अर्थिंग, कारण व्होल्टेज पडलं की धडधाकट भागांचेही कोड येतात.

कारण शोधताना गाडी कुठे फिरते हेही धरावं लागतं. २०१४ साली सेलेरिओ ही गाडी आली आणि एएमटी, म्हणजे यंत्राने आपोआप चालणारा मॅन्युअल गिअरबॉक्स, सामान्य घरांत पोहोचली. एएमटीत क्लच प्लेट नेहमीचीच असते, फक्त पाय मारायचं काम यंत्र करतं. पसरणी किंवा खंबाटकी घाटाच्या चढावर, वाहतूक तुंबलेली असताना, ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की ती प्लेट जळते. मग बदलायची ती प्लेट, अख्खा गिअरबॉक्स नव्हे. आणि बदलल्यावर स्कॅनरने क्लचचं सेटिंग पुन्हा शिकवायला हवं, नाहीतर गाडी पुन्हा तक्रार करते. सांगलीचं दुखणं निराळं. २०१९ आणि २०२१च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या वायरींच्या कपलरमध्ये शिरलेलं पाणी दिसत नाही. पिना मात्र पुढे कित्येक महिने गंजत राहतात. जुनी गाडी घेणाऱ्याने हे जरूर तपासावं.

यावर कुणी म्हणेल, कोड पुसला, दिवा विझला, गाडी चालतेय, मग कशाला एवढा खटाटोप? पण कोड पुसताना बिघाडाच्या क्षणीचा वेग, तापमान, इंजिनचे फेरे यांची नोंदही पुसली जाते आणि कारण शोधायचा धागाच हातचा जातो. म्हणून आधी फोटो काढा, मग पुसा. अनुभवी मिस्त्रीला हाताने, कानाने कळतं, हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. गिअरबॉक्स कधीकधी खरंच गेलेला असतो. तेल काळं पडलंय, करपल्याचा वास येतोय, त्यात धातूचा कीस सापडतोय, असं असेल तर उघडावाच लागेल. पण त्या मिस्त्रीनेही तेलाची पातळी कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच मोजली पाहिजे. अनेक गाड्यांना त्यासाठी दांडी नसतेच.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, तर ते बहुधा गिअरबॉक्सने स्वतःला वाचवणं असतं. तशीच घाटात रेटू नये. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला टोचन लावून ओढूही नये. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले भाग कोरडेच फिरवतात. फ्लॅटबेड मागवावा.