होम स्क्रीनवरील विजेट : दोष आणि दुरुस्ती

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस
• विजेटमध्ये दोष का निर्माण होतात, हे सांगता येईल;
• दोषाचा प्रकार ओळखून योग्य उपाय निवडता येईल;
• सूचनापर लेखनातील विध्यर्थी क्रियापदे ओळखता येतील.

मूळ पाठ

मोबाइल सुरू करताच जो मुख्य पडदा दिसतो, त्यास होम स्क्रीन म्हणतात. ॲप न उघडताच घड्याळ, हवामान, टिपणे इत्यादी दाखवणारी या पडद्यावरील लहान चौकट म्हणजे विजेट. अँड्रॉइड प्रणालीत निरनिराळ्या ॲपची विजेट ठेवण्याची सोय २००९ मध्ये झाली. आयफोनच्या होम स्क्रीनवर विजेट २०२० मध्ये आली.

पहाटे फवारणीस निघालेला शेतकरी विजेटवर सूर्याचे चित्र पाहतो आणि निश्चिंत होतो. ते चित्र आदल्या दिवसाचे असेल, तर फवारलेले औषध पावसात वाहून जाईल. रिकामी चौकट आपला दोष लपवत नाही; शिळी माहिती दाखवणारी चौकट मात्र खरी वाटते. म्हणून विजेटचे दोष ओळखता येणे आवश्यक आहे.

विजेटचे कार्य

विजेट स्वतंत्रपणे चालत नाही. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ॲप मजकूर व मांडणी पुरवते आणि होम स्क्रीन सांभाळणारा 'लाँचर' ती पडद्यावर उमटवतो. ॲपकडून नवा निरोप आला नाही, तर जुनेच चित्र पडद्यावर राहते. विजेट ठरावीक वेळाने ताजे करण्याची अँड्रॉइडची जी मूळ सोय आहे, ती अर्ध्या तासाहून कमी अंतराने चालत नाही. शिवाय २०१५ मधील अँड्रॉइड ६ पासून, मोबाइल बराच वेळ न वापरता पडून असल्यास बॅटरी वाचवण्यासाठी ॲपची कामे पुढे ढकलली जातात. त्यामुळे थोडा विलंब हा दरवेळी बिघाडच असतो असे नाही.

दोष व उपाय

१. माहिती शिळी असणे : प्रथम इंटरनेट चालू आहे का ते पाहावे. नंतर ॲप उघडावे. आत ताजी माहिती असूनही विजेट जुनेच राहत असेल, तर सेटिंग्जमध्ये त्या ॲपवरील बॅटरीचे निर्बंध सैल करावेत. हवामानाच्या विजेटसाठी स्थानाची परवानगीही तपासावी.

२. अक्षरे कापली जाणे : देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार अक्षराच्या वर आणि उकार खाली येतात. चौकटीची उंची अपुरी असल्यास हीच चिन्हे प्रथम कापली जातात व 'दान' आणि 'दीन' यांतील भेद दिसेनासा होतो. विजेट दाबून धरावे आणि कडा ओढून ते मोठे करावे. एवढ्याने न भागल्यास अक्षरांचा आकार एक पायरी कमी करावा.

३. चौकट रिकामी राहणे किंवा नाहीशी होणे : मोबाइल बंद करून पुन्हा सुरू करावा. दोष कायम राहिल्यास ॲप अद्ययावत करावे आणि विजेट काढून पुन्हा ठेवावे. विजेट काढल्याने ॲप नाहीसे होत नाही. ॲप मेमरी कार्डवर हलवले असेल, तर ते मोबाइलच्या अंतर्गत साठ्यात परत आणावे.

सावधानता

उपाय नेहमी सौम्याकडून कठोराकडे जावेत. 'कॅशे' पुसल्यास केवळ तात्पुरता साठा जातो. 'डेटा' पुसल्यास मात्र ॲपमध्ये जपलेली टिपणे व हिशेबही जाऊ शकतात. एका चौकटीच्या दुरुस्तीसाठी वर्षभराचा हिशेब गमावणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून त्याची प्रत आधी अन्यत्र ठेवावी. तसेच ज्या माहितीवर काम, प्रवास किंवा पैसा अवलंबून आहे, ती ॲप उघडून, तिची वेळ पाहूनच स्वीकारावी.

भाषाभ्यास

'पाहावे', 'उघडावे', 'तपासावी' ही विध्यर्थी क्रियापदे आहेत. त्यांतून आज्ञेची कठोरता टळते आणि कर्तव्य स्पष्ट होते. कृतींचा क्रम दाखवण्यासाठी 'प्रथम', 'नंतर' असे शब्द वापरतात.

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या चौकटीपेक्षा शिळी माहिती अधिक घातक का ठरते?
२. देवनागरी मजकूर लहान चौकटीत का कापला जातो?
३. 'कॅशे' व 'डेटा' पुसण्यातील फरक दोन वाक्यांत लिहा.
४. घरातील एखादे उपकरण दुरुस्त करण्याच्या चार सूचना विध्यर्थी क्रियापदे वापरून क्रमाने लिहा.