शीर नव्हे, तळव्याचा पडदा

प्रश्न : वय ६१, मधुमेह आहे. उजव्या तळव्यात अनामिकेखाली गाठ आली असून बोट आत ओढलं जातंय. शीर आखडली म्हणून रोज तेल लावून बोट ताणतो. चालेल ना?

उत्तर : ताणणं आधी थांबवा, त्याने फायदा नाही. शीर ठीक आहे. वर्णनावरून हा ड्युपिट्रेनचा विकार वाटतो. यात कातडीखालच्या पडद्यात जादा कोलॅजन साठून तो दोरीसारखा आवळतो. मधुमेहींत हे जास्त दिसतं. हा कॅन्सर नव्हे. तळवा टेबलावर पालथा ठेवा. सपाट टेकला तर नुसतं लक्ष ठेवा, नाहीतर हॅण्ड सर्जनना दाखवा. सुईने दोरी तोडता येते किंवा शस्त्रक्रिया होते; त्रास पुन्हा उद्भवू शकतो, हेही सांगून ठेवतो. बोटाचा मधला सांधा वाकू लागला तर मात्र थांबू नका, तो नंतर पूर्ण सरळ होणं अवघड असतं.