कळफलकावरून सादरीकरण : शिक्षक व विद्यार्थ्यांसाठी काही टिपणे

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेची दहावीतील एक विद्यार्थिनी आंतरशालेय स्पर्धेत सातवाहनकालीन व्यापारी मार्गांवर सादरीकरण करण्यास उभी राहिली. वेळ सात मिनिटांचा. नाणेघाट, जुन्नर, पैठण, तेर, सोपारा ही स्थळे तिला तोंडपाठ होती. मध्येच एका परीक्षकांनी नकाशा पुन्हा दाखविण्यास सांगितले. ती माउसने एकेक स्लाइड मागे नेऊ लागली, बाण पडद्यावर भरकटला, सादरीकरण बंद पडले आणि संपादनाची खिडकी सर्वांसमोर उघडी झाली. त्यातच दीड मिनिट गेले. परतीच्या एसटीत ती काहीच बोलली नाही. चूक तिची नव्हती. आम्ही तिला इतिहास शिकविला होता, साधन शिकविले नव्हते.

नकाशा नवव्या स्लाइडवर होता. ९ हा आकडा दाबून एंटर दाबले असते, तर तो तत्क्षणी पडद्यावर आला असता. एवढी लहानशी गोष्ट ठाऊक नसल्याने मुलीची वर्षभराची मेहनत झाकोळली, हे आम्हांस आजही बोचते. म्हणून हे टिपण.

आमच्या पिढीच्या शिक्षकांना पारदर्शक कागदावर लिहून प्रोजेक्टरवर ठेवण्याची पद्धत आठवत असेल. पॉवरपॉइंट १९८७ साली प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी आले, तेव्हा त्याचे मुख्य काम असे कागद छापून देणे हेच होते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते निर्माण करणारी कंपनी विकत घेतली. पुढील इतिहास सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला आहे.

प्रथम सादरीकरणाच्या वेळच्या कळा पाहू. एफ ५ ने आरंभापासून सुरुवात होते. शिफ्ट धरून एफ ५ दाबल्यास समोर असलेल्या स्लाइडपासून. वीज गेली आणि परत आली, तर ही दुसरी कळ आठवावी. पहिल्यापासून पुन्हा धावण्याची गरज नाही. बी दाबल्यास पडदा काळा होतो, पुन्हा दाबल्यास स्लाइड परत येते. वर्गात या कळेचे मोल आम्ही फार मानतो, कारण चित्र समोर असेपर्यंत मुलांचे लक्ष शिक्षकाच्या बोलण्याकडे नसते. कंट्रोल व पी ने लेखणी हाती येते, ई ने पडद्यावर काढलेले पुसले जाते, कंट्रोल व ए ने बाण परत येतो. एस्केपने सादरीकरण संपते. घाबरून तिच्यावर बोट जाऊ देऊ नये.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. टंकलेखनासाठी मराठी कळफलक निवडलेला असेल, तर या अक्षरांच्या व अंकांच्या कळांचा भरवसा धरता येत नाही. उभे राहण्यापूर्वी विंडोज व स्पेसबार दाबून इंग्रजीवर यावे. शिफ्ट व एफ ३ ही कळ अक्षरे लहान-मोठी करते. देवनागरीत हा भेदच नसल्याने तिच्या वाटेस जाण्याचे कारण नाही.

स्लाइड तयार करताना कंट्रोल व एम ने नवी स्लाइड मिळते. मथळा लिहून झाल्यावर कंट्रोल व एंटर दाबावे, म्हणजे मजकुराच्या चौकटीत जाता येते. शेवटच्या चौकटीत तेच दाबल्यास नवी स्लाइड उघडते. मुद्द्याच्या आरंभी टॅब दाबल्यास तो उपमुद्दा होतो, शिफ्ट व टॅबने पूर्ववत येतो. मुद्द्यांचा क्रम बदलावयाचा असेल तर कापून चिकटवत बसू नये. आल्ट व शिफ्ट धरून वरचा अथवा खालचा बाण दाबावा.

नकाशाच्या कामात कंट्रोल व डी चा उपयोग मोठा. नाणेघाटासाठी एक लाल ठिपका काढावा, कंट्रोल व डी ने त्याची प्रत घेऊन ती जुन्नरवर ठेवावी, आणि असेच पैठणपर्यंत जावे. सर्व ठिपके एकाच आकाराचे राहतात. ठिपका किंचित सरकवायचा असेल तर कंट्रोल धरून बाणाच्या कळा वापराव्यात. एका ठिपक्याचा रंग बदलल्यावर दुसरा निवडून एफ ४ दाबल्यास तीच कृती तेथे होते. सर्व निवडून कंट्रोल व जी दाबले की त्यांचा गट बनतो, आणि नकाशा हलविताना एखादे गाव मागे राहत नाही.

आमच्या संगणक कक्षात दर शनिवारी एक तास माउस काढून ठेवले जातात. आरंभी मुले कुरकुरली. आता आठवीची मुले आल्टची कळ दाबून पट्टीवर उमटणारी अक्षरे वाचत स्वतःच नवे मार्ग शोधतात, आणि आम्हांस शिकवितात. बी ची कळ आम्हांस सांगितली ती मात्र त्याच विद्यार्थिनीने, पदविकेच्या पहिल्या वर्षात असताना दिवाळीच्या सुटीत भेटावयास आली तेव्हा.

पालकांसाठी एक व्यावहारिक सूचना : काही लॅपटॉपवर एफ ५ दाबल्यास पडद्याचा उजेड अथवा आवाज कमी-जास्त होतो. तेथे डाव्या कोपऱ्यातील एफएन ही कळ सोबत धरावी लागते. स्पर्धेच्या ठिकाणचा लॅपटॉप परका असतो. पाल्याने दहा मिनिटे आधी पोहोचून ही एक कळ तपासून घ्यावी.