कपाळावरचा लेख आणि कपाळामागचा मेंदू



मूल जन्मले की पाचवी पुजायची, पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवायची, आणि रात्री सटवाई येऊन मुलाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते असे मानायचे, ही रीत आपल्या आज्या-पणज्यांनी पाळली. पुढे मूल शाळेत मागे पडले, तापट निघाले, हाती आलेला पैसा उधळू लागले, की 'त्याच्या कपाळातच नाही' म्हणून घरचे गप्प बसत. आपण ती पूजा सोडली. परंतु 'कपाळात नाही' हे बोलणे अजूनही पुष्कळ घरांत ऐकू येते. म्हणून कपाळाच्या हाडामागे खरोखर काय आहे, ते काय काम करते आणि कसे वाढते, हे या पाठात पाहू.

१. हा भाग कोणता?

आपल्या कपाळाला हात लावा. त्या हाडाच्या आत, मेंदूच्या अगदी पुढच्या बाजूस जो भाग आहे, त्याला शास्त्रज्ञ प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. कॉर्टेक्स म्हणजे मेंदूवरची साल. पाहणे, ऐकणे ही कामे प्रामुख्याने मेंदूच्या दुसऱ्या भागांची आहेत. कपाळामागच्या भागाकडे कारभाऱ्याचे काम आहे. घरात कमावणारे, रांधणारे, शिकणारे असे अनेक असतात. पण आधी काय करायचे, कोठे हात आखडायचा, ठरलेले बिघडले तर दुसरी वाट कोणती, हे कोणीतरी पाहावेच लागते. मेंदूतील अशा कामांना कार्यकारी कार्ये म्हणतात. हा कारभारी एकट्याने काही करीत नाही. मेंदूच्या इतर भागांशी जोडणाऱ्या तंतूंच्या जाळ्यातूनच त्याचा कारभार चालतो.

ही कामे मुख्यतः तीन आहेत. पहिले, आवर घालणे: राग आला तरी हात न उगारणे. दुसरे, मनात धरून ठेवणे: दुकानात चार जिनसांची बेरीज तोंडी करताना आधीचा आकडा न विसरणे. तिसरे, वळण बदलणे: नियम बदलला की जुनी सवय सोडून नव्या नियमाने चालणे.

तिसऱ्या कामाची परीक्षा लहान मुलांवर होते. तांबडे-निळे ससे आणि तांबड्या-निळ्या होड्या अशी चित्रे देऊन प्रथम रंगाप्रमाणे वाटे करावयास सांगतात. मग म्हणतात, आता आकाराप्रमाणे करा. तीन वर्षांचे मूल नवा नियम तोंडाने बरोबर सांगते, पण त्याचा हात रंगाकडेच जातो. पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना ते जमते. कळणे आणि वळणे यांत अंतर असते, ते असे.

२. हे कळले कसे?

१३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. फिनिआस गेज हा २५ वर्षांचा मुकादम सुरुंगाची दारू पहारीने ठासत असता स्फोट झाला. साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलो वजनाची ती पहार गालाखालून शिरून डोक्यातून आरपार गेली. गेज वाचला. बोलू लागला, चालू लागला. परंतु डॉ. जॉन हार्लो यांनी लिहून ठेवले आहे की, पूर्वीचा हुशार व कामसू गेज आता चंचल, हट्टी, शिवराळ झाला होता. बेत करी आणि लगेच सोडून देई. मालकांनी त्याला जुन्या जागेवर परत घेतले नाही.

ही गोष्ट बहुधा येथेच संपवितात. ती तेथे संपत नाही. गेज पुढे दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेला आणि तेथे त्याने कित्येक वर्षे घोडागाडी हाकली. प्रवासी, सामान, घोडे, वेळ हे सर्व सांभाळण्याचे ते काम होते. १८६० साली त्याचा मृत्यू झाला. रोजचे बांधलेले काम मिळाले तेव्हा इतका घायाळ मेंदूही बराचसा सावरला, असे आजचे अभ्यासक मानतात.

माणसांनी जाणूनबुजून केलेली इजाही आहे. १९३५ साली पोर्तुगालमध्ये एगास मोनिझ यांनी मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागातील तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. त्यासाठी त्यांना १९४९ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. हजारो रुग्णांवर ती झाली. अनेकजण शांत झाले खरे, पण सुस्त, स्वतःहून काही न करणारे बनले. पुढे औषधे आली आणि ती शस्त्रक्रिया मागे पडली.

३. हे जन्मतः ठरलेले असते काय?

नाही. मेंदूचा हा भाग सर्वांत उशिरा पिकणाऱ्या भागांपैकी आहे. वयाच्या पंचविशीपर्यंत त्याची घडण चालू असते. पंधरा वर्षांच्या मुलाला बरेवाईट कळते, पण रागाच्या भरात किंवा मित्रांच्या घोळक्यात त्याचा आवर सुटतो. ते वाया गेले असे समजू नका.

अमेरिकेत वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे गोड खाऊ ठेवून सांगितले, 'थांबलास तर दोन मिळतील.' जी मुले थांबली ती पुढे अभ्यासात चांगली निघाली. त्यावरून, संयम असणारे आणि नसणारे अशी माणसेच वेगळी, असे लोक म्हणू लागले. पण ती मुले एका विद्यापीठाच्या बालवाडीतील होती. २०१८ साली अधिक मुलांची पाहणी झाली, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेताच तो संबंध बहुतांशी पुसला गेला. २०१३ च्या दुसऱ्या प्रयोगात, मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळला तेव्हा मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. शब्द मोडला तेव्हा ३ मिनिटे. ज्याला वारंवार फसविले गेले, त्याने हातचे आधी खावे यात मूर्खपणा कोणता?

त्याच वर्षी तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोडणीपूर्वी, पैशाच्या ओढाताणीत, त्यांची बुद्धीची परीक्षा घेतली. तोडणीनंतर पैसे हाती आल्यावर त्याच शेतकऱ्यांची पुन्हा घेतली. दुसऱ्या वेळी गुण वाढले. माणूस तोच, जात तीच, डोके तेच. उणी झाली होती ती चिंता. 'या लोकांना डोकेच नाही' असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

४. घरी काय करावे?

मुलांना पुरेशी झोप मिळू द्या. जागरणाने हा भाग आधी थकतो. खोली एकच असली तरी अभ्यासाची वेळ ठरवा आणि त्या वेळी रेडिओ-टी.व्ही. व मोबाईल बंद ठेवा. मुलाला दिलेला शब्द पाळा. पाळता येणार नसेल तर देऊ नका. मारू नका, भीतीने भरलेले डोके विचार करू शकत नाही. डोक्यात मावत नाही ते वहीत लिहा: देणे, घेणे, फीची तारीख. आणि दारू घरात येऊ देऊ नका. ती आवर घालण्याची शक्तीच आधी बोथट करते. पाचव्या शीलाचे महत्त्व यावरूनही समजेल.

अभ्यासासाठी प्रश्न (कुटुंबाने एकत्र बसून चर्चा करावी)

१. मेंदूची तीन कार्यकारी कार्ये कोणती? आपल्या घरातले प्रत्येकी एक उदाहरण द्या.
२. गेज पुढे कशामुळे सावरला असे अभ्यासक म्हणतात?
३. या महिन्यात आपण मुलांना कोणता शब्द दिला? तो पाळला काय?