परभणीच्या थंडीत काश्मीरचा लसूण पोसेल का?

प्रश्न : मुलगा सैन्यात आहे. सुट्टीवर येताना त्याने काश्मीरहून लसूण आणला. मधोमध काडीसारखा ताठ दांडा, भोवती एकाच रांगेत सात-आठ जाड पाकळ्या. सोलायला सोपा, चवीला झणझणीत. परभणीची थंडी तर महाराष्ट्रात गाजलेली. मग हा लसूण आमच्या मळ्यात येईल का?
— एक वाचक भगिनी, जिंतूर

उत्तर : ताई, शंका अगदी रास्त आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. पण आपली अशी थंडी रात्रीची आणि मोजक्या दिवसांची. दुपारी ऊन तापतेच. ताठ दांड्याच्या लसणाला साधारण १० अंशांखालचा गारवा सलग सहा-आठ आठवडे लागतो. तो नाही मिळाला, तर पाकळ्या न सुटता एककळी गोळा तेवढा हाती येतो.

हा गारवा फ्रिजमध्ये ठेवून देता येईल, पण पुढे दिवसाची लांबी आडवी येते. गड्डा कधी धरायचा, हे लसूण उजेडावरूनही ठरवतो. श्रीनगरला जूनमधला दिवस साडेचौदा तासांच्या घरात जातो. आपला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, तोही जूनमध्येच; त्याआधी मे महिन्याच्या उन्हात रोप करपून जाते.

आपला लसूण अकरा-बारा तासांच्या दिवसातही गड्डा धरतो. म्हणून तो ऑक्टोबरात लावून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढता येतो. त्याची मान मऊ. पातीची वेणी घालून आढ्याला टांगला की महिनोन्‌महिने टिकतो. दांड्याच्या लसणाची अशी वेणी वळत नाही आणि तो टिकतोही कमी. मळ्यात लावायचा तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘गोदावरी’ किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा ‘भीमा पर्पल’ निवडा. जिंतूरकडे जमीन काळी, भारी असेल तर गादीवाफा करा, म्हणजे पाणी साचणार नाही. पाकळ्या १५ बाय १० सेंटिमीटरवर लावा आणि काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा.

तरीही मुलाने आणलेल्या पाच-सहा पाकळ्या ऑक्टोबरात कुंडीत जरूर लावा. गड्ड्याची आशा धरू नका, पात मात्र मिळेल. थंड मुलखात या लसणाला फुलाचा दांडा येतो. तो कोवळा असतानाच खुडतात, म्हणजे गड्डा चांगला पोसतो. चीनमध्ये त्या दांड्यांची भाजी आवडीने करतात. आपल्याला ती हौस कोवळ्या पातीवर भागवावी लागेल. ज्वारीच्या भाकरीबरोबर तीही काही कमी नाही.

उरलेला लसूण खलबत्त्यात घाला. लसणाचा झणका पाकळी ठेचल्यावरच तयार होतो आणि तापल्यावर उतरतो. म्हणून ठेचलेला लसूण पाच-दहा मिनिटे तसाच राहू द्या, मग मिरची, मीठ घालून कच्चाच वाढा. मुलगा सुट्टीवर आहे तोवरच करा, त्यालाही चव कळू दे.